तिसऱ्या बेसपाशी

नऊ.
धारवाडहून परतताना टेम्पोत कुणी मोजत नव्हतं,
मीही नाही, पण नऊ.
अळणावरच्या फाटकात थांबलो. मालगाडी,
लांबलचक, लोंढ्याकडे निघालेली.
सांताननं डबे मोजायला घेतले
आणि बेचाळीसवर सोडून दिले.
मास्कच्या पट्ट्याचा वळ अजून त्याच्या गालावर.

हा खेळ आपला नव्हे, ठाऊक आहे मला.
मी कबड्डीतला माणूस. पाय धरायचा, सोडायचा नाही.
सहा वर्षांमागं विद्यापीठाकडून एक पेटी आली,
आत अकरा ग्लोव्हज, त्यातले चार डावखुऱ्यांचे,
आणि कन्नडमधलं नियमांचं पुस्तक,
पहिली बारा पानं वाळवीनं वाचून संपवलेली.
प्राचार्य म्हणाले, गुंजीकर, बघा काय होतंय.
बघतोय.

होम प्लेट आम्ही खानापुरातच भाजून घेतली,
पाच कोनांची, कौलाच्या मातीची.
भरमाणीच्या आज्जानं पैसे घेतले नाहीत.
भट्टीसमोर उकिडवा बसून एवढंच म्हणाला,
ह्याच्यावर पाय ठेवायला एवढं पळताय होय रे?
होय, आज्जा.
निघालो तिथंच परत यायचं,
मग वहीत एक धाव लिहितात.

पानपट्टीवर एक गंमत रंगते आमच्यावर:
एक मराठीत ओरडतो, दुसरा कन्नडमध्ये ऐकतो,
'थांब' म्हटलं की 'बा' समजतात म्हणे.
खोटं आहे.
माझ्या पोरांना शिव्या दोन्हीकडच्या कळतात,
मायाही.
कल्लाप्पा बॅट उचलताना देवाशी मराठीत बोलतो,
हुकली की कन्नडमध्ये.
भाषेवर ढकलता आलं असतं
तर झोप तरी लागली असती.

काल शेवटच्या इनिंगला एकच धाव हवी होती.
कल्लाप्पा दुसऱ्यावरून सुटला.
बॉल उजव्या कोपऱ्यात, कुंपणाशी,
त्यांचा पोरगा घसरून पालथा,
आणि मी तिसऱ्या बेसपाशी उभा
दोन्ही तळवे पुढे करून.
थांब.

थांबला. असा थांबला
की माती गुडघ्यापर्यंत उडाली त्याच्या.
वळून बघितलं नाही माझ्याकडे.
पुढचा पोरगा तीन बॉलात बाद.

रात्री स्कोअरची वही काढली, मागं मागं गेलो.
गदग. हावेरी. विजापूर. पुन्हा गदग.
तिसऱ्यावर अडकून राहिलेले: दोन, एक, तीन, दोन.
पहिल्या चार सामन्यांत माझे हात खाली होते;
पोरं पळत होती, बाद होत होती,
धूळ झटकून एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होती.
पाचव्यापासून तळवे वर.
हरायची भीती नव्हती ती.
ती कधीच संपली होती.
हरताना दिसायची होती.
हे असलं कुठल्या रकान्यात लिहायचं?
'शेरा'मध्ये मी लिहिलं होतं:
मुलांमध्ये जिद्दीचा अभाव.
खोडलं. पेन फाटेस्तोवर कागदावर फिरवलं.

आज साडेसहाला मैदानावर आलो
तोंडात वाक्य धरून, गरम घासासारखं.
कल्लाप्पा माझ्याआधी आलेला,
परशरामवर खेकसत होता:
काय करूलालास रे, टाक की!
मी म्हणालो, कल्लाप्पा, काल जे झालं ते मी...
तो म्हणाला, सर, बूट फाटलाय. फेविक्विक हाय काय?

होतं. शिट्टीच्या डबीत.
तळवा दाबून धरला दोघांनी,
माझा अंगठा त्यालाच चिकटला.
त्यानं हिसका दिला, कातडं निघालं थोडं,
आणि तो हसला. पहिल्यांदा, धारवाडनंतर.
मी वाक्य गिळलं की तेच गेलं खाली, सांगता येत नाही.

मग कुणाचा तरी फटका सरळ भातात.
सातांतला सातवा बॉल.
सगळे उतरले, ढोपरभर चिखलात,
दोन भाषांत एकमेकांना दिशा सांगत.
मी बांधावर.
हात कुठं ठेवावेत कळेना,
म्हणून मागं बांधले.
शनिवारी हावेरी.