नसलेली कंपनी

ओवाल्ये गावात, लिमारी नदीच्या अंगाला,
पाणी विकणारी कंपनी एकच.
दुसरी येणार कुठून?
एका रस्त्याखाली दोन-दोन नळ कोण घालतं?
म्हणून एर्मिंदा इबाकाचे
तिला स्पर्धक बनवते आहे
सान्तियागोच्या सातव्या मजल्यावर
एक्सेलच्या तीनशे ओळींत.

या कंपनीला भूतकाळ नाही.
तिचे पाइप काल रात्रीच टाकले,
सगळेच्या सगळे, एका दमात,
कुठे खडक लागला नाही,
कुणाचं अंगण उकरावं लागलं नाही.
तिच्या साहेबाला मेहुणा नाही.
गळती पंधरा टक्के, वर एक थेंब नाही.
खऱ्या कंपनीला तेवढंच मिळेल
जेवढं या खोट्या कंपनीला पुरतं.
बाकीची चैन पदरची.

एर्मिंदाला हा कायदा मनापासून आवडतो.
मक्तेदारापुढे आरसा धरायचा,
आरशात मात्र दुसरंच कुणी.

मग कंपनीचा अहवाल आला, आठशे पानी.
त्यांचीही एक नसलेली कंपनी,
पण खाऊनपिऊन सुखी.
तिच्याकडे गाड्या चाळीस, हिच्याकडे एकोणीस.
भांडण दोन भुतांचं,
निवाडा करणारे तिघे,
आणि बिल
दोन्या सुनिल्दाच्या दाराखालून सरकवलेलं,
जी खिडकीशी नाणी मोजून भरते
आणि पावती बायबलात ठेवते.

मे महिन्यात एर्मिंदा एकदा तिकडे गेली.
रात्री दोनला, गावाचा आवाज बसला की,
नोल्बेर्तो काराबान्तेस
लोखंडी कांब रस्त्याला टेकवतो,
वरचं टोक कानाला.
छत्तीस वर्षं हेच.
"ऐका," म्हणाला.
आधी तिला स्वतःचंच रक्त ऐकू आलं.
मग खूप खाली
कुणी दात आवळून श्वास सोडावा
तसा एक बारीक, न तुटणारा सूर.
संशय आला की आपण म्हणतो,
कुठेतरी पाणी मुरतंय.
इथे संशयाला जागाच नव्हती.

त्यानं खडूनं फुली मारली.
कुत्रं भुंकलं, तो थांबला, कुत्रं दमेपर्यंत.
धरणात यंदा गाळ दिसतोय, म्हणाला,
बुडालेल्या कुंपणाचे खांबसुद्धा.
ते कोणत्या ओळीत धरता?
तिनं उत्तर दिलं नाही. ते दुसऱ्या खात्याकडे असतं.

"आणि तुमच्या त्या कंपनीत
मी आहे का?"

लॅपटॉप उघडायची गरज नव्हती.
ओळ दोनशे चौदा: गळती शोधणारा, शून्य पूर्णांक सहा.
"आहात," ती म्हणाली. "सहा दशांश."
तो इतका हसला की
वरच्या मजल्यावर दिवा लागला.
"कुठून कापलंत? गुडघ्यापासून?"

सातव्या मजल्यावर परतल्यावर
तिनं ती ओळ चार वेळा बदलली.
एक पूर्ण माणूस घातला
तर सुनिल्दाचं बिल किती चढेल, तेही काढलं.
थोडंच चढत होतं.
पण तो थोडा आकडा कुणाच्या तरी नाण्यांत मोजायचा होता.
वरिष्ठांनी विचारलं, आधार काय?
तिनं लिहिलं: ऐकलं.
खोडलं.
लिहिलं: प्रत्यक्ष पाहणी.

संध्याकाळी फाइल गेली तेव्हा
दोनशे चौदाव्या ओळीत होतं
शून्य पूर्णांक पासष्ट.
वाढलेले पाच शतांश म्हणजे
धरून चाला,
नोल्बेर्तोचा एक कान.