आधी कंदील

माझे वडील, इलियादादा,
हरिपूरला पेवात उतरायचे. हळद काढायला.
वर माणूस कसाबसा मावेल एवढं तोंड,
आत वीस हात अंधार,
भिंतींना उसाचं पाचट,
तोंडावर फरशी, फरशीवर माती.
दोन-दोन वर्षं हळद तशीच निजायची.
किडायची नाही.

फरशी काढली की लगेच कुणी उतरत नसे.
सकाळी तोंड उघडायचं
आणि दुपारपर्यंत नुसतं बसायचं काठाला.
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला, तर अजून बसायचं.
डबा घेऊन गेलेली मी विचारायची,
आत काय असतं, दादा?
म्हणायचे, वाईट काही नसतं गं.
हवा कोंडलेली असते.
पण घाई केली, तर माणूस जातो.

*

लग्नाच्या रजिस्टरात साक्षीदारांच्या सह्या दोन :
शांतवनमामा, आणि मिशन हॉस्पिटलातल्या मेट्रन सगुणाबाई.
तिसरा तू होतास.
तू सही केली नव्हतीस,
म्हणून आता तुला धरता येत नाही.

प्रबोध गेला मिरज जंक्शनवरून, मे महिन्यात,
बॅगेत स्वेटर घालून.
आठ दिवसांचं काम आहे म्हणाला.
मे महिन्यात स्वेटर!
मला कळलं नाही. तुला तरी कळलं असेल.

बुधवारच्या प्रार्थनासभेत मी रडले.
रविवारपर्यंत माझं रडणं सगळ्या बाकांवर पोचलं होतं.
कुणीतरी हळूच म्हणालं,
प्रार्थनेत कमी पडली असेल.
असेन.
पण मग ऐकण्यात कोण कमी पडलं,
हे विचारायची सोय कुठल्या सभेत असते?

तेव्हा मी फरशी सरकवली.
वर माती लिंपली, पाय देऊन घट्ट केली.
चर्चला जात राहिले.
पेव असं बाहेरून ओळखू येत नाही,
त्याच्यावरून बैलगाडीसुद्धा जाते.
गीतपुस्तक उघडं, ओठ हलते,
आणि शेजारच्या यूनिसताईंना वाटायचं,
हिचा आवाज बसलाय.

*

या वर्षी गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी
काही कारण नसताना हरिपूरला गेले.
पुरानंतर बरीचशी पेवं बुजवून टाकलेली.
कुठे घर उभं, कुठे नुसता खड्डा, त्यात पिशव्या.
एक मात्र शाबूत होतं, तोंड उघडं.
राखण करणारा म्हातारा म्हणाला,
बाई, वाकू नका, आत्ताच उघडलंय.

बसले काठाला. दादा बसायचे तशी.
संगमाकडून वारा येत होता, त्याला हळदीचा वास नव्हता.
आणि मग आठवलं,
आज शनिवार.
आज तूही आत आहेस.
तोंडाशी धोंड,
अंगावर कोरं कापड,
आणि काल तू मारलेल्या हाकेला
तुझ्या बापानंही ओ दिली नव्हती.

हे मला माहीत नव्हतं असं नाही.
लहानपणापासून पाठ आहे, वर्गात मीच शिकवते मुलांना.
पण पाठ असणं म्हणजे
फरशीवरून गाडी जाणं.

रागावून का होईना, मी म्हटलं : आहेस?
दोन वर्षांत पहिल्यांदा.
काही आलं नाही उलट.
म्हाताऱ्याने दोरी सोडली, कंदील खाली गेला,
आणि विझला.
तो मुकाट्याने पुन्हा बसला,
जणू यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतंच.

मला वाटतं, तू असाच बसलेला असशील
माझ्या काठाला, केव्हापासून,
दादांसारखा. आत न डोकावता.
वाटतं म्हणते. खात्री नाही. खात्रीला वेळ लागेल.

उन्हं कलल्यावर त्याने परत कंदील सोडला.
ज्योत थरथरली. बारीक झाली.
तळाशी पिवळं काहीतरी दिसलं.

परतीच्या रिक्षात, मोठ्याने नाही, तुला सांगितलं :
स्वेटर निळा होता.
मीच विणला होता.
एक बाही थोडी लांब झाली होती.