त्सेला

जेर्बा बेटावर, गुरुजींच्या खिडकीखाली बसून
मी शब्द चोरायचे.
आत मुलगे डुलत डुलत घोकायचे,
बाहेर मी वाटाणे सोलत.
हा शब्द मला असाच मिळाला: त्सेला.
शेवटचं अक्षर घशाच्या तळातून काढावं लागतं,
विहिरीतून पोहरा वर यावा तसं.

गागू बाहेर येऊन म्हणाला,
तू बरगडी.
पहिला माणूस झोपला होता, देवानं एक काढली,
त्याला पत्ताही लागला नाही.
रात्री पांघरुणात मी माझ्या बरगड्या मोजल्या,
मोजता मोजता चुकले,
पुन्हा पहिलीपासून.

त्या वर्षी खमूस सुतार, माझा बाप,
प्रार्थनाघराच्या माचाणावरून पडला.
तीन बरगड्या, आणि मांडीचा सांधा.
आईनं लग्नातली चादर फाडून पट्ट्या केल्या
आणि त्याला घट्ट गुंडाळलं.
हसला की कळवळायचा,
म्हणून त्या हिवाळ्यात घरात कुणी गंमत केली नाही.
तो एकाच कुशीवर झोपू शकायचा,
आईकडे पाठ करून.

पडल्या पडल्या तो मापं वाचायचा:
पवित्र पेटीला कड्या किती, तंबूला फळ्या किती.
ग्रंथातलं तेवढंच त्याला
हाताशी धरण्यासारखं वाटायचं.
एका रात्री म्हणाला, मेसऊदा, दिवा जवळ आण.

हे बघ. पेटीच्या एका बाजूला दोन कड्या,
दुसऱ्या बाजूला दोन.
बाजू म्हणजे त्सेला.
तंबूची उत्तरेकडची बाजू, तीही.
डोंगराची कूस, जिच्यावरून एकजण
राजाला दगड मारत चालतो, तीही.
अख्ख्या ग्रंथात बरगडी कुठंच नाही,
एका तुमच्याच ठिकाणी बरगडी.

आईला वाचता येत नव्हतं.
तिनं त्या अक्षरांकडं पाहिलं
जशी बाजारात मासळीकडं पाहायची,
डोळे ताजे आहेत का.

म्हणजे हाड नाही काढलं?

नाही. उभा चिरला. ओंडका चिरतात तसा.
आधी दोघं पाठीला पाठ लावून एकच होते,
असं जुने लोक म्हणतात.

म्हणजे देवानं बाजू घेतली.

घेतली.

कुणाची?

बाप हसला.
मग बराच वेळ त्याला श्वास घेता येईना,
आणि आई त्याच्या पट्ट्या सैल करत
स्वतःवरच चिडत राहिली.

वसंतात तो उठला, पण पाय मागे राहायचा.
रात्रभर अंधारात कुणाशी तरी झोंबून
पहाटे जो लंगडत नदीपलीकडे निघतो,
त्याच्या लंगडण्यातही तीच तीन अक्षरं आहेत.
हे मला कुणी शिकवलं नाही.
सत्तरीत, नातवाचं पुस्तक आणि माझा चष्मा घेऊन
मीच शोधलं.
सांगायला गेले तर बाप नव्हता,
गागूही मार्सेला गेलेला.

ग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट
बापानं लंगडत लंगडतच पुरं केलं.
जैतुनाचं लाकूड, एक फळी कमी पडली.
नवी आणायला जहाजाची वाट पाहावी लागली असती.
आई आत गेली,
पलंगाची तिच्याकडची फळी उपटून घेऊन आली.
ही घे, म्हणाली. माझी बाजू.
त्यानं काहीच म्हटलं नाही, रंधा घेतला.
पण फारसा चालवला नाही.

अजून कपाट उघडलं की आत पुरुष उभे राहतात.
मी बाहेरच्या ओसरीवरून मान उंच करून पाहते.
गुंडाळ्यांकडं माझं लक्ष नसतं, देव क्षमा करो.
डावीकडची फळी जरा काळपट आहे,
वरच्या टोकाशी जास्त.
तिथं तिचं डोकं टेकायचं.
ते केसांचं तेल आहे.