जुडी

चोपड्याच्या बाजारात, माझ्या मेडिकलच्या पायरीला लागून
रायकीबाई पावरा फडकं अंथरते.
वर शतावरीचे कोंब, वीतभर, शेंड्याला जांभळट,
पळसाच्या वाखानं बांधलेले.

आत फळीवर त्याच वेलीची मुळं
पूड होऊन बसलीत:
वेलची, साखर, झाकणावर हसरं बाळ,
मुदत दोन वर्षांनी संपणार.

लेक माहेरी आलेली, बावीस दिवसांची बाळंतीण.
डबा अर्धा झाला, ताट मात्र रोज तसंच परत.
हे मी कोणाला बोललो नव्हतो.
रायकीबाईनं कसं ओळखलं, ठाऊक नाही.
जुडी काउंटरवर ठेवली, पैसे घेईना.
"डबा आहे की घरात," मी म्हणालो.
"डबामा मूय शे, भाऊ.
हाई आते वर येल शे, आतेच खावानं."

हिनं मिरची वगळली.
लसूण, दाण्याचं कूट, लोखंडी कढई,
कोंब चावताना करकर वाजेल इतकेच शिजलेले.
दूध वाढलं का? मोजलं नाही.
मी औषधं विकतो, मला खात्रीनं बोलायची भीती वाटते.
पण त्या रात्री आतून आवाज आला,
"आई, अजून एक भाकर."

पुढच्या बाजारी फडक्यावर कर्टुली.
"कोंब?"
"त्याले काटा उना आते."
मग गाठ सोडून तिनं सुटे मोजले,
डोकेदुखीच्या चार गोळ्या मागितल्या.
मी पैसे घेईना, तर रागावली.