तळाशी आधी दगड

बावीस वर्षं मी खाणीवर मशीन चालवली,
एका घासात चार टन उचलणारी.
आता खाण बंद, खड्ड्यात हिरवं पाणी,
आणि मी डिचोलीच्या घरात
दोन किलोचा एक गोटा
दोन्ही हातांनी धरून उभा आहे,
श्वास रोखून.

खाली काच आहे. काचेत कासव.
कासव उर्वीचं, आणि उर्वी मडगावला शिकते,
चार ओळींच्या सूचना आणि डबाभर खाणं
माझ्या ताब्यात देऊन.

पहिल्या वेळी मी मला येतं तसंच केलं.
आधी वाळू, वर दगडांची रास,
माथ्यावर सपाट चिरा, त्याला ऊन खायला.
कुंदा म्हणाली, देवळासारखं दिसतंय.

पायथा कोरायचा नाही, हे खाणीत पहिल्या दिवशी सांगतात.
कासवाला कोण सांगणार?
तीन रात्री त्यानं वाळू उकरली.
चौथ्या रात्री रास बसली.

आवाज फार नव्हता,
मांडणीवर वाटी घसरावी एवढाच.
पण मी तो ओळखतो.
एकदा पाळी बदलताना
दरड असंच काहीतरी हळू बोलली होती
आणि मग आम्ही कितीतरी वेळ
गुरुदासला हाका मारत होतो.
गुरुदास वाचला.
त्याचा डावा पाय नाही वाचला.

दिवा लावला. चिऱ्याखालून
एक मागचा पाय बाहेर, वल्ह्यासारखा हलणारा.
लोकांना वाटतं, पाण्यातला जीव पाण्यात काय बुडणार.
बुडतो. त्यालाही नाक वर काढावं लागतं.
बाहीसकट हात घातला, दगड उचलला.
ते वर आलं, एक श्वास घेतला,
आणि माझ्याकडे पाहिलं
कंत्राटदाराकडे पाहावं तसं.

सकाळी बाजारात, कायतानच्या काचेच्या दुकानात.
मान वर न करता तो म्हणाला,
"वजनाक भियेना काच. तोंकाक भियेता."
टाकीखाली घालायला फोम दिला, आत अंथरायला प्लास्टिकची जाळी,
आणि सिलिकॉनची नळी, साधी,
बुरशी मारणारं नको म्हणाला, ते कासवालाही मारील.
मग विचारलं, टेबल कसलं आहे?
शिवणयंत्राचं, जुनं.
तेव्हा पहिल्यांदा त्यानं मान वर केली.

टाकी जमिनीवर आली.
चिरा अंगणात गेला, त्याचा तांबडा चुरा पाण्यात उतरत होता.
कपाटातला खनिजाचा तुकडाही हातात घेऊन पाहिला,
निरोपाच्या दिवशी खिशात घातलेला, काळा, चमकणारा,
मुठीएवढा असून तान्ह्या बाळासारखा जड.
कडा अजून धारदार. परत ठेवला.

साखळीला वाळवंटीच्या काठावर बसलो,
एकेका गोट्यावर माडाच्या विनेगारचे थेंब सोडत.
ज्याला फेस आला तो तिथेच राहिला.
कपडे धुणारी एक बाई बराच वेळ बघत होती.
शेवटी म्हणाली, कसली पूजा?

मोठा दगड तळाला, जाळीवर, पोटावर आडवा.
त्याच्यावर दुसरा, सिलिकॉन लावून.
दोन दिवस कासव टबात आणि घरभर आंबट वास.
मग पहारीनं दरड ठोकून बघायचो
तसं बोटांनी ढकलून बघितलं.
हललं नाही.
खालची फट एवढी, की पाठ न घासता आरपार जावं.
नाहीतर फटच नको.
अर्धी फट सगळ्यात वाईट,
गुरुदासला विचारा.

वाळू सगळ्यात शेवटी. चारी बाजूंनी, मूठमूठ.

रविवारी उर्वीचा फोन. खातंय का ते?
खातंय.
दगड बदललेत का, बाबा? फोटोत वेगळे दिसतात.
हो, म्हटलं. नदीचे आणले.
बाकी काही बोललो नाही.

रात्री वाळू उकरल्याचा आवाज येतो.
खण, म्हणतो मी, कूस बदलून.
खण.