तेरा, आठ, नऊ

कोनाडा तेरा इंच उंच, आठ रुंद, नऊ खोल.
आधी त्यात रेडिओ होता, मग औषधं, मग नुसती धूळ.
मी टेपने तीनदा मोजला,
न जाणो, चौथ्यांदा वाढलेला निघेल.

कागदाच्या डाव्या अंगाला भिशीचे बावीस हजार,
उजव्या अंगाला सुटे भाग.
प्रोसेसर वापरलेला, सहा हजार आठशे.
बोर्ड सर्वांत छोटा, वितीएवढा, पाच हजार दोनशे.
ग्राफिक्स कार्डावर काट.
मला पडद्यावर लढाया करायच्या नाहीत,
अकरा बोटींचं डिझेल लिहायचंय:
कुणी किती भरलं, कुणाचा परतावा अडला.
आणि सोसायटीच्या चावीसाठी
सेक्रेटरीच्या पायरीवर उभं राहायचं नाहीय.

रॅम आठ, एकोणीसशे.
शेजारची खाच रिकामी, पुढच्या भिशीची.
डिस्क फिरणारी नको, दोन हजार नऊशे गेले तरी चालतील.
जयगडात जे फिरतं ते गंजतं:
सायकलची चेन, टेबलफॅन, माझ्या मशीनचं चाक.
वारा एकेकाला घेतो, घाई न करता.

रत्नागिरीत अन्वर फणसोपकरांनी यादी वाचली.
"पॉवर सप्लायमध्ये वाचवू नका, ताई.
तुमच्याकडे लाइट जाते ते काही नाही,
येते तेव्हा मारते."
दोन हजार सहाशे, मी मान हलवली.
आमचा मिक्सर तसाच गेला होता.

मग कॅबिनेट.
मोठं चौदाशे. लहान चार हजार तीनशे.
मी म्हटलं, उलट सांगताय.
ते म्हणाले, नाही, लहानच महाग.
पत्रा निम्मा, जागा निम्मी, पैसे तिप्पट.
तेवीस हजार सातशे.
चाफ्याच्या फाट्यापर्यंत एसटीत बेरीज करत राहिले,
कंडक्टर बदलला, बेरीज बदलली नाही.

मामंजी पडवीत रंध्याचं पातं पुसत होते.
होड्या आता फायबरच्या येतात,
गुणाजी मिस्त्रींना लोक पाट करायला बोलवतात, नाहीतर तिरडी.
मी माप सांगितलं. ते बोटं उलगडून वीत घालत बसले.
"आत पाणी कुठून येईल?"
पाणी नाही, म्हटलं, ऊन. ते बाहेर जायला हवं.
भोकं लागतील.
"किती?"
जितकी पाडाल तितकी.
ते माझ्याकडे बघत राहिले.
पन्नास वर्षं ह्या माणसाने
फटीत कापूस आणि राळ ठासली.
"होडीला भोक पडलं तर माणूस जातो,
आणि ह्याला नसलं तर हा जातो?"

कुणाच्या तरी देव्हाऱ्यातून उरलेली फणसाची फळी.
पितळी स्क्रू, लोखंडाचा एकही नाही.
बोर्डाखाली बिस्किटांच्या डब्याचं झाकण,
त्याला अर्थिंगची तार. ते फणसोपकरांनी फोनवर
दोनदा बजावलं होतं, लाकूड ऐकून.
मागे मच्छरदाणीची जाळी, पालींसाठी.
भोकं त्रेचाळीस. शेवटची तीन त्यांनी
न विचारता पाडली.
कॅबिनेटच्या उरलेल्या पैशांत यूपीएस बसला,
दोन हजार सहाशे, खाली शून्य.
तरी पेटी कोनाड्यात जाईना.
गिलावा खरवडावा लागला,
टेप माझीच चुकली होती.

सोसायटीतला जुना मॉनिटर, कोपऱ्यात एक हिरवी रेघ.
बटण दाबलं. पंखा लागला, बारीक.
मामंजींनी पेटीच्या मागे तळहात धरला,
बराच वेळ, जसा कुणी ताप बघतो.
"गळतंय," म्हणाले.
स्वतःच्या कामाला हा शब्द
त्यांनी पहिल्यांदाच लावला, आणि हसले.

मी लिहिलं:
आई जाखमाता, दोनशे दहा लिटर.