अंशराशीकरण

हा शब्द मी पहिल्यांदा पणजीच्या कोर्टात ऐकला,
पंख्याखाली, तिसऱ्या बाकावर, आईची पर्स धरून.
फुर्तादो वकीलबाई म्हणाल्या, सोपं आहे गं,
पेन्शनचा एक तुकडा आधीच विकायचा
आणि रोख पैसे घ्यायचे.
अर्धा पाव मोडून पोदेराला परत दिल्यासारखं?
त्या हसल्या. म्हणाल्या, जवळजवळ.

बाबा बत्तीस वर्षं दिवाडीची फेरी चालवत होते.
या काठाहून त्या काठाला सात मिनिटं,
भरती असली तर नऊ.
एकतीस मेला साठ पुरी झाली,
धक्क्यावर कोणीतरी झेंडूचा हार घातला
आणि जूनपासून माझे नऊ हजार
पाच करावेत, असा अर्ज आला.
अर्जदाराचा पगार बंद झाला आहे, सबब.

सबब.
एवढ्याशा शब्दामागे
एवढा उंच माणूस मावतो.

वहीच्या शेवटच्या पानावर मी मांडून पाहिलं:
शेवटचा मूळ पगार बासष्ट हजार,
त्याचे निम्मे एकतीस,
त्यातले चाळीस टक्के विकले,
उरले अठरा हजार सहाशे.
बाबांचा वकील म्हणतो, अठरा सहाशे धरा.
आमच्या बाई म्हणतात, एकतीस धरा,
विकले ते स्वतःच्या मर्जीनं, मुलीला विचारून नव्हे.
वर ग्रॅच्युइटी. वर शिल्लक रजेचे पैसे,
तीनशे दिवसांचे.
म्हणजे घरी थांबता येत होतं
तरी तीनशे दिवस ते पाण्यावरच होते.
त्यातले माझे किती, हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते मी विचारलं नाही.

विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो.
तेव्हा मी एकोणतीसची असेन.

मग मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं.
राहतं घर, आजीच्या नावे, कौलं यंदा बदलली.
फायबरची होडी एक, जुनी, इंजिनासकट.
मुदतठेव एक.
मुलीची सायकल, लाल, चेन तुटलेली, अंदाजे चारशे.

बाबांच्या वकिलानं कपाळ चोळलं.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं,
हे कोणी लिहायला सांगितलं?
बाबा उठले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना,
समोर चाक नसलं की त्यांचं असंच होतं.
सगळं लिहा म्हटलं होतं, साहेब.

आई खिडकीबाहेर बघत राहिली.
ती सायकल मला कधीच लहान झाली.
आता गुडघे हॅंडलला लागतील.

निकाल: साडेसात हजार,
महागाई भत्ता वाढेल तसे वाढवून,
ग्रॅच्युइटीतला काही भाग कुमारी निशिगंधा तुळशीदास मांद्रेकर हिच्या नावे,
अठरा पूर्ण होईतो हात लावायचा नाही.
कोण जिंकलं ते कळलं नाही.
बाईंनी चहा पाजला. आईनं समोसा अर्धा टाकला.

परतीची बस रायबंदरच्या धक्क्यापाशी थांबली,
तर बाबा तिथे, रांगेत, प्रवासी म्हणून,
बगलेत कागदांची पिशवी.
चालत जाणाऱ्याला तिकीट पडत नाही.
नव्या माणसानं फेरी जरा जोरातच आदळवली.
बाबांचा उजवा हात आपोआप वर आला, थोडासा,
आणि खिशात गेला.

आईनं विचारलं, काय बघतेस?
म्हटलं, ओहोटी लागलीय.